दाजींचा एरिया

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, खुशाली हे सगळं विचारून झालं असं समज, कारण मला दम धरवत नाहीये. दाजींची जिरवायची वेळ आलीय. आणि ती आपल्या पायांनी चालत माझ्या दारात आलीय, गळ्यात टाय बांधून.

पत्र नेहमीसारखं तुमच्या जिन्याखालच्या शिवणवाल्या मावशींकडे टाकतोय. फोनच केला असता, पण तुझ्या फोनवर माझं नाव उमटलं की दाजी घर डोक्यावर घेतात.

तर ऐक. काचा पुसणारी ती पिवळ्या गाड्यांची कंपनी आहे ना, ती आता फ्रँचायजी विकतेय. म्हणजे आपण पैसे भरायचे, कंपनी आपल्याला तिचं नाव देणार, गाडी देणार, खाली उभं राहून चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारे पाण्याचे ब्रश देणार, आणि शहराचा एक तुकडा आपल्या नावावर करणार. त्या तुकड्यात कंपनीचा दुसरा माणूस फिरकायचा नाही. कंपनीचा टायवाला माणूस काल आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसला होता. एक तुकडा अजून रिकामा आहे, दवाखान्याच्या चौकापासून कालव्यापर्यंत. ओळखलास? दाजींचा अख्खा एरिया! त्यांचं एकही गिऱ्हाईक त्या लाल रेघेच्या बाहेर पडत नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, लिहिल्याशिवाय मला बरं वाटत नाही. त्या नव्या दवाखान्याच्या काचांवर सिमेंटचे थेंब सुकले होते. मी म्हटलं, आधी भिजवू या. दाजी म्हणाले, वेळ नाही, कोरडंच पातं मार. मारलं. सगळ्या काचांवर ओरखडे. डॉक्टर आला तेव्हा दाजींनी चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवलं, "मेहुणा आहे म्हणून ठेवलाय, पिऊन येतो." मी! ज्याला खोकल्याच्या औषधाने झिंग येते! त्यानंतर या धंद्यात मला कुणी बादलीसुद्धा उचलू दिली नाही. ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण आई तुमच्याकडे शेवटच्या दुखण्यात खाटेला खिळून होती आणि दाजींनी मला फाटकाच्या आत घेतलं नाही, ते नाही सोडणार. मरेपर्यंत नाही.

आता अडचण. पैसे आमच्याकडे नाहीत. मास्तरणीच्या वडिलांनी तिला दिलेला फ्लॅट, ज्यात आम्ही राहतो, तो बँकेकडे ठेवावा लागेल. बायको माझी शाळेत गणित शिकवते, ती सहजासहजी सही करणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, "तुझ्या ताईला विचार. ती त्या धंद्याच्या घरात राहते. ती हो म्हणाली तर मी सही करीन." तेव्हा ताई, एका ओळीचं पत्र पाठव. फक्त हो लिही.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

एका ओळीत लिहायला मी काय तार करतेय? जरा धीर धर.

टायवाल्याला माझ्यातर्फे काही गोष्टी विचार. लाल रेघेच्या आत ज्या मोठ्या इमारती आहेत, बँक, विम्याचं ऑफिस, त्या तुला मिळणार की कंपनी स्वतः ठेवणार? साबण, फडकी, कपडे हे सगळं कुठून घ्यायचं? काम नसेल त्या महिन्यात कंपनी काय मागणार? आणि नको झालं तर बाहेर कसं पडायचं? हे शेवटचं नीट विचार. आत जायचा दरवाजा सगळेच दाखवतात.

मास्तरीणबाई शहाणी आहे. तिचं छप्पर आहे ते, तुझ्या रागाचं नाही. तू रागात असलास की तुला तहानसुद्धा कळत नाही. लहानपणी शेजारच्या पोराशी भांडून दिवसभर उन्हात त्याच्या दारासमोर उभा राहिला होतास, आणि तो मामाकडे गेला होता.

इकडचं म्हणशील तर ह्यांचं डोकं सध्या ठिकाणावर नाही. काचांच्या तक्रारी यायला लागल्यात. पुसतात तेव्हा छान दिसतात, आणि ऊन तिरपं आलं की सगळीकडे पांढरट फराटे. बँकेच्या मॅनेजरने विचारलं, "काचा पुसल्यात की माखल्यात?" ह्यांनी दोन पोरांना कामावरून काढलं. घरी आले की भांडी आपटतात. मी पोळ्या वाढते.

घाई करू नकोस. मी सांगेपर्यंत सही नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी घरभर नाचलो. तुझ्या प्रश्नांवर नाही, त्या फराट्यांवर! बँकेचा मॅनेजर म्हणजे दाजींचा सगळ्यात जुना माणूस. तोच असं बोलला तर बाकीचे कितीसे टिकणार?

मी इथे बसून सांगतो काय झालंय. एक तर पाणी जड, क्षारांचं आलं असेल. नाहीतर दाजींनी साबण स्वस्तातला घेतला असेल, त्यांचा हात कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तिसरं कारण फडकी. फडकं नीट धुतलेलं नसलं की असाच पदर चढतो. पण फडकी तू धुतेस, आणि तुझ्या हातची फडकी म्हणजे आरशासारखी असायची, तेव्हा ते नाही. पाणीच असणार. दाजींना सांगू नकोस हं! माखू देत.

टायवाल्याला विचारलं सगळं. हसून म्हणाला, "तुमची ताई वकील आहे का?" मोठ्या इमारतींबद्दल म्हणाला, बघू, जमवून घेऊ. सामान कंपनीचंच, पण दर्जा बघा म्हणे. रिकाम्या महिन्यात थोडंफार द्यावं लागतं, पण रिकामा महिना येईलच कशाला? आणि बाहेर पडायचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, लग्नाच्या बोलण्यांत कुणी घटस्फोटाचं काढतं का?" मला हसू आलं. मास्तरणीला नाही आलं.

ताई, तुला खरं सांगू? मला त्यातून काय मिळेल याचा मी हिशेबच करत नाहीये. मला एवढंच बघायचंय की दाजी शिडी घेऊन बँकेपाशी आलेत, आणि समोर माझी पिवळी गाडी उभी आहे, आणि मॅनेजर त्यांना म्हणतोय, आता हा बघतो आमचं. तेवढ्या एका सकाळसाठी मी जन्मभर हप्ते भरीन.

टायवाला म्हणतो, त्या तुकड्यावर अजून कुणाचातरी डोळा आहे. लवकर हो पाठव.

धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

माझं उत्तर नाही असं आहे. नीट वाच, नाही.

चार दिवसांपूर्वी पेट्रोल पंपावर एक पिवळी गाडी उभी होती. चालवणारा गृहस्थ फडक्याने हात पुसत होता, तोंड उतरलेलं. मी सरळ जाऊन विचारलं, भाऊ, ही कंपनी घ्यावी का? त्याने आजूबाजूला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन बोलत सुटला. मागच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला तरी थांबेना. मोठ्या इमारती सगळ्या कंपनीच्या, ह्याच्या वाट्याला बंगले आणि टपऱ्या. फडकी, साबण, अंगातला शर्टसुद्धा कंपनीकडून, आणि बाजारापेक्षा महाग. काम असो नसो, महिन्याचा वाटा चुकत नाही. पाच वर्षं सोडता येत नाही. आणि त्यातून सुटलास, तर पुढे त्या एरियात काच पुसायची नाही. कंपनीच्या नावाने नाही आणि स्वतःच्याही नाही. कागदावर बारीक अक्षरात आहे, म्हणाला, मी तेव्हा चष्मा नेला नव्हता. वडिलांपासून त्याचा हाच धंदा होता रे.

म्हणजे तू दाजींच्या एरियात घुसशील, आणि पाच वर्षांनी फ्लॅटही गेलेला आणि हातही बांधलेले. दाजी गच्चीवरून बघून हसतील. हाच का तुझा सूड?

टायवाला परवा आमच्याकडेही येऊन गेला. ह्यांना दोन तास नकाशा दाखवत होता. तेव्हा तू यातून अंग काढून घे.

ताई


४ मार्च

ताई,

पत्र पोचलं. आणि कळायचं ते कळलं.

टायवाला तुमच्याकडे दोन तास बसतो. दाजी नकाशा बघतात. आणि तू मला लिहितेस, अंग काढून घे! मी मूर्ख आहे, पण इतका? तुला तो तुकडा दाजींसाठी हवाय. गिऱ्हाईकं तुटायला लागली, आता पिवळी गाडी घेतली की परत उभे राहतील, आणि मध्ये हा धाकटा नको. पेट्रोल पंपावरचा माणूसही छान रचलास. चष्मा नेला नव्हता म्हणे!

शेवटी तू त्यांचीच. कुंकू त्यांच्या नावाचं, त्याला मी काय करणार. पण ताई, आई तुझी पण होती. मी फाटकाबाहेर उभा होतो तेव्हा तू खिडकीत होतीस. मी पाहिलं तुला. मी त्या दिवशीही मनात म्हटलं, तिचा इलाज नाही. आज म्हणत नाही.

मी मास्तरणीला सांगितलंय की तू हो म्हणालीस. होय, खोटं बोललो. येत्या सोमवारी आम्ही दोघं बँकेत सह्या करतोय. तिने कपाटातून फ्लॅटचे कागद काढून ठेवलेत, तुझ्यावर विश्वास ठेवला तिने. दाजींना सांग, तयार राहा.

पत्र पाठवू नकोस. उघडणार नाही.

धाकटा


७ मार्च

मास्तरीणबाई,

हे पाकीट मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, शिवणवाल्या मावशींची मुलगी स्वतः आणून देईल. आधी तू वाच, मग त्या गाढवाला दे. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हटलंय. सोमवारी बँकेत जाऊ नकोस. आता पुढचं त्याच्यासाठी.

धाकट्या,

तुझ्या शिव्या पोचल्या. खिडकीतलं लिहिलंस ते वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, आणि मग तोंड धुऊन ह्यांना चहा दिला. आता ऐक. हे मी कुणालाच सांगणार नव्हते, तुलाही नाही.

काचांवरचे फराटे पाण्याचे नाहीत. माझे आहेत.

तूच मला शिकवलं होतंस ना, फडक्यांना साध्या साबणाशिवाय काही लावायचं नाही? कपडे मऊ करायचं ते वासाचं औषध तर मुळीच नाही, धागे बुजतात आणि काचेवर तेलकट पदर राहतो, ओलं असताना दिसत नाही आणि उन्हात दिसतो. जानेवारीपासून मी प्रत्येक धुण्यात एक झाकण टाकतेय. गुलाबाच्या वासाचं. ह्यांनी एकदा फडकं नाकाला लावून म्हटलं, "छान वास येतोय." मी म्हटलं, हो ना!

तू म्हणालास, तुझ्या हातची फडकी, तेव्हा ते कारण नाही. तुझे दाजीही तेच समजतात. साबण बदलला, पाणी बदललं, माणसं बदलली. धुणारीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या काढलेल्या दोन पोरांचं मात्र वाईट वाटलं. त्यांना मी मावशींच्या भाच्याच्या गोदामात लावून दिलंय, तिथे पगार जास्त आहे.

मला एवढंच हवं होतं की ह्यांचं नाव जावं. तुझं घालवलं तसं. त्या पिवळ्या कंपनीचं मला काही ठाऊक नव्हतं, ती तुझ्या पत्रातून कळली. पंपावरचा माणूस खरा आहे, हवं तर जाऊन विचार, त्याच्या गाडीचा डावा आरसा फुटलेला आहे. त्याने ती पाच वर्षांची गोष्ट सांगितली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ही तुझ्यासाठी नाहीच. ही ह्यांच्यासाठी आहे. मावशींच्या फोनवरून मी कंपनीत फोन लावला, टायवाल्याला गाठलं आणि सांगितलं, एरियात आधीपासून एक जण आहे, त्यालाच विचारा, सध्या अडचणीत आहे.

आता तू म्हणशील, मी ह्यांना गळ घातली. अजिबात नाही. परवा टायवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा मी चहाचा ट्रे ठेवला आणि त्याच्यासमोर सरळ सांगितलं, "अहो, सही करू नका. आधी सगळे कागद वाचा. यातून बाहेर पडता येत नाही, आणि पडलात तर हाताला काम राहणार नाही." शब्द न् शब्द खरा. टायवाल्याचा चेहरा पडला.

ह्यांनी माझं कधी काही ऐकलंय का रे, लग्न झाल्यापासून? परक्यासमोर तर नाहीच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आत जा. धंद्यातलं तुला काय कळतं?" आणि खिशाचं पेन काढलं. मी पडद्याआड उभी राहून टोपण उघडल्याचा आवाज ऐकला.

घर माझ्या नावावर आहे, आईच्या पैशाचं. त्यावर मी सही दिली नाही. ह्यांनी गाळा गहाण टाकला, गाड्या गहाण टाकल्या, शिड्या विकल्या. तो तुकडा आता गेला, तेव्हा टायवाला तुला शेजारचा दाखवायला येईल. त्याला दारातूनच वाटेला लाव.

मी त्यांची नाही आणि तुझीही नाही. मी आईची आहे. खिडकीत होते कारण खोलीला बाहेरून कडी होती.

ताई


२१ मार्च

ताई,

काय लिहू? दोन आठवडे कागद घेऊन बसतो आणि उठतो. मास्तरणीने तुझं पत्र वर्गाच्या मागच्या बाकावर बसून वाचलं, घरी आली, माझ्या हातात दिलं आणि फ्लॅटचे कागद घेऊन वडिलांच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवून आली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "तू माझं छप्पर घालवत होतास, तुझ्या ताईने राखलं." बरोबर बोलली. मी खोटं बोललो तिच्याशी, आणि तुझ्याशी त्याहून वाईट वागलो. कडीचं मला ठाऊक नव्हतं गं. मला माफ कर, आणि नाही केलंस तरी चालेल.

शेजारचा तुकडा दाखवायला टायवाला खरंच आला होता. मास्तरणीने त्याला कागदातली कलमं क्रमाने विचारायला सुरुवात केली, तो निम्म्यात पाणी मागून पळाला.

काल मी तिकडे गेलो. राहवलं नाही. बँकेच्या समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. दाजी पिवळ्या शर्टात होते. पाठीवर कंपनीचं नाव, छातीवर नंबर. त्यांची निळी गाडी आठवते, तिच्यावरचं स्वतःचं नाव रोज दिवाणखान्यातल्या फोटोसारखं पुसायचे ती? त्यावर पिवळा रंग. आणि कंपनीचा एक पोरगेला शिक्षक त्यांना वायपर कसा धरायचा ते शिकवत होता. दाजींना! "काका, मनगट सैल. काका, वरून खाली. परत करा." त्यांनी परत केलं. बँकेची इमारत नव्हती ती, शेजारची चपलांची टपरी. बँक कंपनीने स्वतःकडे ठेवलीय.

त्यांनी मला पाहिलं. मी हात वर करून नमस्कार केला, मोठ्याने म्हटलं, "दाजी, कोपरा राहिला." ताई, तो शिक्षक वळून म्हणाला, "हो काका, कोपरा राहिला." देवाशप्पथ सांगतो, एवढं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. घरी येईपर्यंत हसत होतो.

मग जेवायला बसलो आणि ताट तसंच सोडून उठलो. तू तिथे आहेस. एक दिवस त्यांना वास येईल, गुलाबाचा नाही, खरा. मग काय करतील ते? मास्तरीण म्हणते, मागची खोली तुझी. पडदे धुऊन लावलेत. घर तुझ्या नावावर आहे, ते भाड्याने दे नाहीतर त्यांनाच काढ बाहेर. पण तू आता तिथे राहू नकोस. जिंकलीस तू. ये.

धाकटा


२९ मार्च

धाकट्या,

माफीचं राहू दे. मास्तरणीच्या पाया पड, ती खरी रागवायला हवी.

ते औषध मी बंद केलंय. फडकी आता कंपनीचीच आहेत, आणि मी ती साध्या साबणात, तीन पाण्यांत, अगदी तू शिकवलंस तशी धुते. काचा लख्ख निघतात. ह्यांची पाच वर्षं पुरी व्हायला हवीत ना? मध्येच मोडून पडले तर कसं चालेल.

परवा कंपनीचा पहिला वाटा कापला गेला. हे टेबलाशी बसले होते, शर्ट अंगातच. हिशेबाचा कागद बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होते. मग म्हणाले, "तू सांगत होतीस. तुझं ऐकायला हवं होतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा, धाकट्या. मला वाटायचं, हे शब्द ऐकले की माझा सगळा राग जाईल. मी पोळी वाढत होते, ती ताटात ठेवली.

म्हटलं, "आईही सांगत होती. तीन दिवस सांगत होती, त्याला एकदा आत येऊ द्या. तिचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना सगळंच कळलं, फडक्यांचंसुद्धा. ओरडतील म्हणून मी वाट बघितली. ओरडले नाहीत. पोळी तशीच ठेवून उठले आणि आईच्या खोलीची आतून कडी लावून बसले. सकाळी शिक्षक गाडीचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा बाहेर आले. माझ्याकडे न बघता शर्ट मागितला, मी इस्त्री केलेला दिला.

आता त्यांना माझी भीती वाटते. चहा ठेवला की आधी कपाकडे बघतात, मग माझ्याकडे.

मास्तरणीला सांग, पडदे काढून ठेव, खोली कुणाला तरी लागेल. मी येणार नाही. तू एक सकाळ फुटपाथवर उभा राहिलास आणि तुझं पोट भरलं. माझं नाही भरलं. मी रोज समोर बसून जेवणार आहे.

ताई